उपमा जिंकतो तेव्हा

दार ढकला. १९९९ साल, न्यूयॉर्क, मॅडिसन अव्हेन्यूवरच्या ‘टॅबला’ रेस्टॉरंटचं किचन. मोहरी तडतडतेय, पण फोडणी आमटीसाठी नाही, अमेरिकन माशासाठी. खालच्या मजल्यावर ‘ब्रेड बार’मध्ये तंदूरमधून नान निघताहेत. कोणी तुमच्याकडे बघत नाही. सगळ्यांचं लक्ष शेफ फ्लॉइड कार्डोझकडे. मुंबईत १९६०ला जन्मलेला, मूळचा गोव्याचा. जीवरसायनशास्त्र सोडून हॉटेल मॅनेजमेंटकडे वळला, स्वित्झर्लंडला शिकला, इथे ‘लेस्पिनास’ रेस्टॉरंटमध्ये शेफ ग्रे कुंझच्या हाताखाली तयार झाला. यंदा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘टॅबला’ला तीन तारे दिलेत. भारतीय जेवण म्हणजे स्वस्तातली करी, असं मानणाऱ्या गावात!

पुढचं दार. जून २०११. ‘टॅबला’ आदल्या डिसेंबरातच बंद झालंय. टीव्हीवर ‘टॉप शेफ मास्टर्स’ची अंतिम फेरी लागलीय. परीक्षकांपुढे कार्डोझ काय ठेवतो? उपमा. सोबत रानअळंबी, कोकम, नारळाचं दूध. डब्यात दिसला की शाळेत ज्याला नाक मुरडलं, तोच. ‘अरे बाबा, निदान बिर्याणी तरी कर,’ तुम्ही पडद्याला सांगता. तो कुठला ऐकतोय! उपमा जिंकतो. बक्षिसाचे एक लाख डॉलर कॅन्सर संशोधनाला जातात.

२०१५. मुंबईत लोअर परळ, कमला मिल कंपाउंड, कार्डोझचं ‘बॉम्बे कँटीन’. परक्यांना पटवून झालं. आता घरच्यांना पटवायचंय, आणि ते जास्त अवघड. मेन्यू उघडा: सॅलडमध्ये ज्वारी. चार पैसे जास्त मोजून लोक ती आवडीने मागवताहेत.

२५ मार्च २०२०. भारतात टाळेबंदीचा पहिला दिवस. न्यू जर्सीत कोरोनाने कार्डोझ गेला. वय ५९.

शेवटचं दार उघडतं ते आज, छत्रपती संभाजीनगरच्या रौझा बागेत, हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात. समजा, तुम्हाला उद्याच्या परीक्षेचा पदार्थ निवडायचाय. शेजारच्याने पास्ता लिहिलाय. तुघलकाच्या लष्कराशी नातं सांगणारा, याच शहरात हंडे भरभरून शिजणारा मटणाचा खलिया यादीत कुठेच नाही. तुम्ही लिहा. परीक्षक हसले तर हसू देत. पहिला घास खाईपर्यंतच हसतील.