फुलीची मालकीण

माणूस गेला तरी त्याचं खातं बोलतं, असा आम्हां बँकवाल्यांचा विश्वास. पण व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातली एखादी साधी धोबीण कागदोपत्री शोधायला बसा, म्हणजे भल्याभल्या कारकुनाला घाम फुटेल.

तसे कागद आहेत हो! इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली. राणी गादीवर येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. पण आमची बाई लग्न करते, आडनाव बदलते आणि जुनं खातं बंद! १८४१ च्या शिरगणतीत तर सूचना होती, की पंधरावरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहा. म्हणजे २९ ची बाई २५ ची. आम्ही व्याजाचे पैसे राउंड करतो, यांनी वयच केलं!

पुढच्या शिरगणतींत नवऱ्यासमोर 'खाणकामगार', आणि बाईसमोर पुष्कळदा कोरा रकाना. सात पोरं, लोकांची धुणी, वर एखादा भाडेकरू. एकूण काम, निल! लग्नाच्या नोंदीत दोघांच्या बापांची नावं आणि धंदे. आयांना तिथं जागा मिळाली ती २०२१ साली.

मग बाईचं स्वतःचं असं उरलं काय? सरकारी कचेरीतली प्रत ही नक्कल, दुसऱ्याच्या हातची. पण चर्चच्या मूळ वहीत, लिहिता न येणाऱ्या नवरीनं स्वतः काढलेली फुली असते. जराशी वाकडी. तिच्या अख्ख्या आयुष्यातली तेवढीच नमुना सही. आम्ही ती बिनतक्रार पास केली असती.