वाघाचं दूध

पोर्ट ब्लेअरला हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. संध्याकाळ लांबलचक, आणि जंगलीघाटला मासळी ताजी. अशाच एका संध्याकाळी क्वार्टरमध्ये मी पेरूचं (देश, फळ नव्हे!) सेविचे करायला घेतलं. सुरमईचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, डझनभर कागदी लिंबांचा रस, मीठ, हिरवी मिरची, पातळ चिरून गार पाण्यात धुतलेला कांदा, कोथिंबीर. वाडगा बर्फावर. दहा मिनिटांत काचेसारखं मांस पांढरं पडलं.

"शिजलं!" मी म्हणालो.

"गॅस न पेटवता?" सौ. म्हणाली. "मुलांना द्यायचं नाही हं."

मी खाल्लं. झकास होतं. मग त्याचा इतिहास वाचत बसलो.

आपलं कागदी लिंबू मूळचं आशियातलं. अरबांच्या हातून ते स्पेनला गेलं, आणि १५३२ मध्ये पिझारो पेरूत उतरल्यावर स्पॅनिश लोकांबरोबर लिंबू आणि कांदा तिथे पोचले. त्याआधी तिथले किनाऱ्यावरचे लोक मासळी आंबट फळांच्या रसात किंवा मक्याच्या आंबवलेल्या पेयात मुरवत, असं तिथले अभ्यासक मानतात. बदल्यात मिरची, मका आणि रताळं त्या खंडातून आपल्याकडे आले. म्हणजे एकादशीचं रताळं परदेशी, आणि त्यांच्या राष्ट्रीय पदार्थातलं लिंबू आपल्या बाजूचं.

पूर्वी मासळी तासन् तास लिंबात ठेवत. १८९९ मध्ये 'साकुरा मारू' जहाजातून ७९० जपानी मजूर उसाच्या मळ्यांवर कामाला आले. पुढे त्यांच्या वंशजांनी हॉटेलं काढली आणि तासांची मिनिटं केली. खाली उरणाऱ्या आंबट-तिखट रसाला पेरूत 'वाघाचं दूध' म्हणतात. २०२३ मध्ये युनेस्कोने सेविचेची परंपरा वारसा म्हणून नोंदवली.

पण माझं मन अडकलं ते १९९१ मध्ये. त्या जानेवारीत चिंबोटे आणि चँकाय या किनाऱ्यावरच्या गावांत पटकी फुटली. वर्षभरात ३ लाखांहून जास्त रुग्ण आणि सुमारे २,९०० मृत्यू. दूषित पाणी हे मोठं कारण, पण कच्च्या मासळीवरही बोट ठेवलं गेलं. लोकांनी मासळी सोडली, कोळ्यांचा धंदा बसला. आरोग्यमंत्री सांगत होते कच्ची मासळी टाळा, आणि राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी लोकांसमोर सेविचे खाऊन दाखवत होते. वरून दोन उलटे हुकूम आले की खालच्या माणसाचं काय होतं, हे आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी युनिटच्या डॉक्टरसाहेबांना सहज विचारलं. ते हसले नाहीत. लिंबाच्या आम्लाने मांसातली प्रथिनं आकसतात, म्हणून ते पांढरं दिसतं. पण आच लागल्यावर जंतू आणि कृमी मरतात, त्याचा भरवसा लिंबावर नाही. कृमींसाठी मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजरवर विसंबू नका, आणि गोठवूनही सगळे जंतू मरत नाहीत, असं त्यांनी बजावलं.

इक्वेडोरचे लोक कोळंबीचं सेविचे करताना ती आधी उकळतात. पुढच्या रविवारी मी तेच केलं. सोललेली कोळंबी उकळत्या पाण्यात, गुलाबी होऊन वळेपर्यंत, मग लगेच बर्फाच्या पाण्यात, मग लिंबू-मिरची-कांद्यात अर्धा तास फ्रीजमध्ये. बाजूला उकडलेलं रताळं आणि मक्याचे दाणे.

सौ.ने आधी एक कोळंबी मोडून आतून बघितली. मग मुलांची ताटं वाढली. धाकट्याने वाडगा तोंडाला लावून वाघाचं दूध संपवलं.