रारोटोंगाचे वादळ

दर्यावर्दी पुरुषांची चरित्रे वाचताना वादळ हा प्रसंग बहुधा नायकाच्या धैर्याची कसोटी म्हणून आपल्यापुढे येतो. परंतु वादळाची झळ केवळ नायकासच लागते असे नाही. १८३१ च्या डिसेंबरात दक्षिण प्रशांत महासागरातील रारोटोंगा बेटावर जे वादळ झाले, त्याची हकीकत ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते.

लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स हे त्या वेळी सहकुटुंब ह्या बेटावर राहत होते. तरुणपणी लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केलेला हा गृहस्थ हातांचा मोठा कसबी होता. १८२७ त ह्याच बेटावर त्यांनी 'मेसेंजर ऑफ पीस' नावाचे जहाज बांधले. लोखंड दुर्मिळ, म्हणून फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडल्या. कापड नाही, म्हणून चटयांची शिडे केली. भात्याचे चामडे उंदरांनी कुरतडले, तेव्हा हवा दाबण्याची निराळी युक्ती काढली. ह्याच जहाजाने ते १८३० त सामोआस जाऊन आले. वादळाच्या वेळी ते दुरुस्तीसाठी अवारुआच्या किनाऱ्यावर चढविलेले होते.

विषुववृत्ताच्या दक्षिणेस नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. तापलेल्या समुद्रावरून वर चढणाऱ्या बाष्पातून त्यांस बळ मिळते, आणि तिकडे ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. रारोटोंगाची वस्ती डोंगराच्या पायथ्याशी, सखल किनारपट्टीवर. तेव्हा वारा व समुद्र ह्या दोहोंचा मारा तिने एकदमच सोसला. देवळे आणि घरे कोसळली, केळीची झाडे आडवी झाली, लोकांच्या तोंडचा घास गेला. समुद्राने जहाज उचलून कित्येक शे यार्ड आत, झाडांमधील दलदलीच्या खळग्यात नेऊन टाकले.

विल्यम्सबाई त्या वेळी गरोदर होत्या. त्या अंथरूण सोडून बाहेर पडल्या, आणि लगोलग घराचे छप्पर त्या अंथरुणावरच कोसळले. प्राण वाचले खरे. पण थोड्याच दिवसांत एक अर्भक मातीआड करावे लागले. त्या दांपत्याने अकाली गमावलेले हे सातवे अपत्य. विल्यम्स ह्यांच्या १८३७ च्या ग्रंथात ह्याचा उल्लेख आहे. मात्र तो पित्याच्या लेखणीतून आलेला. मातेच्या मनात काय चालले असेल, ते वाचकांनीच ओळखावे.

ह्यानंतर जहाज बाहेर काढण्याचे काम आले. लांब सोट कण्याखाली घालून, त्यांच्या वर राहिलेल्या टोकांवर दगडांचे ओझे चढवीत, एकदा नाळ व एकदा वरामा असे उचलीत ते खळग्यातून वर आणले. मग दलदलीत दगडांचा रस्ता केला, रूळ घातले, साखळी बांधली. आणि सुमारे दोन हजार माणसांनी ते ओढून पुन्हा समुद्रास मिळविले.

तरफेची युक्ती विल्यम्स ह्यांची, आणि त्याबद्दल त्यांची वाहवा करण्यास आमची हरकत नाही. पण ते दोन हजार लोक कोण होते? ज्यांची स्वतःची घरे पडली होती, ज्यांच्या बागा उजाड झाल्या होत्या, तेच ते. त्यांनी हे काम प्रेमाने केले की प्रमुखांच्या आज्ञेने, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे. आणि तो विचारला म्हणजे हकीकत केवळ मिशनऱ्यांची राहत नाही, बेटाची होते.

विल्यम्स १८३९ त एरोमांगा बेटावर मारले गेले, आणि त्यांचे नाव जगभर झाले. ज्या हातांनी साखळी ओढली त्यांची नावे त्या कीर्तीत आली नाहीत. जुने ग्रंथ टाकून द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. त्या ग्रंथांतूनच हे हात आपणांस दिसतात. मात्र नायकावरून नजर क्षणभर हलवून साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहण्याची सवय वाचकाने लावून घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.