नवजात बालकांचे डोळे आणि औषधाची निवड

एकोणिसाव्या शतकात युरोपातील अंधशाळांमध्ये जी मुले दाखल होत, त्यांपैकी पुष्कळांची दृष्टी जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच गेलेली असे. मूल जन्मावे ते निरोगी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या सुजाव्यात, डोळ्यांतून पुवाची धार लागावी, बुबुळास व्रण पडावा आणि अखेर त्यात फूल पडून अंधत्व यावे, असा हा क्रम होता. सुइणी थंड वाऱ्यास किंवा प्रखर उजेडास दोष देत, आणि डॉक्टरांनाही त्यांहून फारसे अधिक ठाऊक होते असे नाही.

१८७९ साली ब्रेस्लाऊ येथील आल्बर्ट नायसर या चोवीस वर्षांच्या वैद्याने परमा या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि तोच जंतू अशा बालकांच्या डोळ्यांतील पुवातही त्यास आढळला. लाइप्झिगच्या प्रसूतिगृहाचा प्रमुख कार्ल क्रेडे याने प्रारंभी मातांवर उपचार करून पाहिले. जननमार्ग धुऊन काढला म्हणजे मूल सुरक्षित राहील, अशी त्याची अटकळ होती. ती फसली. तेव्हा त्याने मातेस सोडून बालकाच्या डोळ्यांकडे लक्ष वळविले. १८८० पासून तेथे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाचे डोळे स्वच्छ पुसून काचेच्या कांडीने सिल्व्हर नायट्रेटच्या शेकडा २ द्रावणाचा एकेक थेंब त्यांत सोडला जाऊ लागला. पूर्वी शंभरांत दहा मुलांच्या आसपास होणारा हा विकार शंभरांत एकाहूनही खाली गेला. मात्र हे द्रव्य दाहक होते. त्याने डोळे लाल होत, आणि द्रावण अधिक तीव्र झाल्यास डोळ्यास इजा होण्याचे भय असे. शिवाय ते रोगास प्रतिबंध करी. जडलेला रोग बरा करणारे औषध अद्याप यावयाचे होते.

ते औषध प्रथम डोळ्यांतच यशस्वी झाले, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. फ्लेमिंगने १९२९ साली पेनिसिलिनसंबंधी निबंध प्रसिद्ध केला. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात शिकलेला सेसिल पेन त्या वेळी शेफील्डच्या रॉयल इन्फर्मरीत रोगनिदानाचे काम करीत असे. बुरशी वाढवून तिचे गाळलेले कच्चे पाणी त्याने प्रथम दाढीच्या केसांच्या मुळांशी होणाऱ्या फोडांवर लावून पाहिले; गुण आला नाही. मग नोव्हेंबर १९३० मध्ये आल्बर्ट नट या नेत्रवैद्याच्या साहाय्याने त्याने ते बालकांच्या डोळ्यांत घातले. चार बालकांपैकी तिघांचे डोळे बरे झाले. कोळशाच्या खाणीवरील एका अधिकाऱ्याच्या डोळ्यात दगडाची कपची रुतून न्यूमोनियाचे जंतू शिरले होते. त्यांचा उपद्रव शमल्यावर कपची काढता आली आणि दृष्टी वाचली. एवढे होऊनही पेनने निबंध लिहिला नाही. बुरशीचा गुण सारखा टिकेना आणि त्याचे लक्ष दुसऱ्या कामाकडे गेले. ती जुनी टिपणे १९८६ साली संशोधकांनी प्रसिद्ध केली, तेव्हा ही हकीकत जगासमोर आली.

पेनिसिलिनने पुढे तीस-एक वर्षे परम्याच्या जंतूवर अंमल गाजविला. परंतु १९७६ साली त्या औषधाचाच नाश करणारे जंतू आढळले. आज या रोगात सेफ्ट्रायॅक्सोनचे एक इंजेक्शन देतात. नवजात बालकास कावीळ असेल किंवा शिरेतून कॅल्शियम चालू असेल, तर ते वर्ज्य मानून दुसरे औषध निवडतात.

परमा सोडला, तरी क्लॅमिडिया नावाचा जंतू आहेच. त्याचा विकार बहुधा पाच दिवसांनंतर, कधी दोन आठवड्यांनी दिसतो. तो घशात व फुप्फुसांतही उतरत असल्याने नुसत्या थेंबांनी भागत नाही. एरिथ्रोमायसिन चौदा दिवस पोटात द्यावे लागते. या औषधाने, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत, काही बालकांच्या जठराचे तोंड जाड होऊन जोराच्या उलट्या सुरू होतात. म्हणून पाळत ठेवावी लागते. पुवाचा नमुना तपासल्यावाचून थेंबांची बाटली उघडण्यात अर्थ नाही तो यासाठीच. कित्येकदा तर जंतूचा संबंधच नसतो. अश्रुनलिका बंद असल्याने डोळा पाणावतो व चिपडे धरतो, तेथे नाकाच्या कडेस हलकी मालिश पुरे होते. घरात थोरांसाठी आणलेले, स्टिरॉइड मिसळलेले थेंब तान्ह्याच्या डोळ्यात घालणे हा मात्र निव्वळ अविचार होय. काजळाविषयीही तेच म्हणता येईल. महाराष्ट्रातील शिकल्यासवरल्या घरांतही तान्ह्याच्या डोळ्यांत ते अद्याप घातले जाते.

हे दोन्ही जंतू मातेकडून येत असल्याने बालकाबरोबर आईबापांवरही उपचार करतात. २०१५ साली कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तर सर्व नवजातांच्या डोळ्यांत सरसकट मलम घालण्याची प्रथा सोडून द्यावी आणि त्याऐवजी गरोदरपणीच मातेची तपासणी व उपचार व्हावेत, अशी शिफारस केली. क्रेडेने प्रारंभी धरलेली वाट हीच होती. त्याच्याजवळ त्या काळी त्यास उपयोगी पडेल असे औषध तेवढे नव्हते.