झिओलाइट-स्फटिकांचा संग्रह, दख्खनमधील
दख्खनच्या बेसाल्ट खडकांतील पोकळ्यांत आढळणारे झिओलाइटांचे व त्यांच्या सहचारी खनिजांचे स्फटिक काढून ते अभ्यासासाठी किंवा प्रदर्शनासाठी जतन करण्याची प्रथा. सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूंच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकांतून झिरपणाऱ्या ऊन पाण्यातील विरघळलेली द्रव्ये त्यांच्या भिंतींवर साचून स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, तसेच झिओलाइट नसलेले पण त्यांच्या सोबतीने येणारे ॲपोफायलाइट व कॅल्साइट यांचे स्फटिक तयार झाले.

विल्यम हेन्री साइक्स यांच्या १८३० च्या दशकातील दख्खनच्या भूवैज्ञानिक वर्णनात या खनिजांचा उल्लेख आहे. मात्र संग्रहाला खरी चालना मिळाली ती बोर घाटातील लोहमार्गाच्या बांधकामाने (१८५६–६३). बोगदे व खोदाई यांतून निघालेले उत्कृष्ट नमुने ब्रिटनमधील संग्रहालयांत गेले. येथील खनिजसंपत्तीची कीर्ती अशा रीतीने आधी परदेशात पसरली.

विसाव्या शतकात लोहमार्गाची जागा इमारती व रस्ते यांसाठी चालणाऱ्या दगडखाणींनी घेतली. पुण्याजवळील पाषाणच्या टेकड्यांतील हिरवे ॲपोफायलाइट, मुंबईच्या खांदिवली खाणीतील बॅबिंग्टोनाइट व इल्व्हाइट आणि नासिक परिसरातील पॉवेलाइट संग्राहकांत प्रसिद्ध झाले. कॅव्हन्साइट या गडद निळ्या खनिजाचे वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील नमुन्यांवरून झाले होते. पण १९८८ च्या सुमारास वाघोली येथील खाणीत पांढऱ्या स्टिल्बाइटावर बसलेले त्याचे जे गुच्छ मिळाले, त्यांच्यापुढे मूळ नमुने किरकोळ ठरले. विहिरी खणतानाही अशा पोकळ्या लागतात. राहुरीजवळील मोमीन आखाडा येथील विहिरीतून निघालेले ॲपोफायलाइटाचे हिरवे गोलाकार पुंजके याचे उत्तम उदाहरण होय.

हा संग्रह मुळात दुसऱ्याच कामाचा आनुषंगिक लाभ आहे. खाण चालते ती खडीसाठी. सुरुंगाने उघडलेली पोकळी कामगाराच्या नजरेस पडली नाही, तर तिच्यातील स्फटिक खडीयंत्रात भरडले जातात. पोकळी हाती लागली, तरी घणाचा एक चुकीचा घाव तिचा नाश करण्यास पुरेसा असतो. म्हणून जाणकार कामगार छिन्नीने भोवतालचा खडक हळूहळू सोडवून स्फटिक मूळ दगडासह काढतात. सुटा स्फटिक कितीही मोठा असला, तरी मूळ खडकावर उभा असलेलाच अधिक मोलाचा मानला जातो.

याहून मोठी हानी माहितीची होते. जुन्या संग्रहांतील असंख्य चिठ्ठ्यांवर केवळ ‘पूना’ एवढाच उल्लेख आहे आणि त्यांतील बरेच नमुने पुण्याचे नाहीतच. व्यापारी खरी जागा प्रतिस्पर्ध्यास कळू नये म्हणून ती लपवीत आणि हा समज त्यांच्या सोयीचा होता. खाण बुजली वा तीवर वस्ती झाली, की हा दोष दुरुस्त होत नाही; कोणत्या लाव्हाथरात कोणती खनिजे एकत्र वाढली, हे अशा नमुन्यावरून सांगता येत नाही. पाश्चात्त्य देशांतील बाजारांकडे नमुन्यांचा ओघ पुढेही राहिला. सिन्नर येथे २००१ मध्ये ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय स्थापन झाल्याने येथील निवडक नमुने महाराष्ट्रातच पाहण्याची सोय झाली.

जतनाच्या दृष्टीने सर्व खनिजे सारखी नसतात. लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावून भुगा होऊन पडते. ओकेनाइटाचे कापसासारखे गोळे बोट लागताच दबतात व भिजल्यास त्यांचे तंतू चिकटतात, म्हणून ते धुता येत नाहीत. कॅल्साइटाचे पुट काढण्यासाठी वापरलेले आम्ल अनेक झिओलाइटांची चकाकीही घालविते.