कानांनी वाचलेली संहिता

वाचन हा डोळ्यांचा व्यवहार आहे, असे आपण साहित्याचे अभ्यासकही सहसा गृहीत धरतो. संगणकाच्या इतिहासातील एक प्रकरण हे गृहीतक तपासून पाहावयास लावते. त्याचा आरंभ पुण्यात होतो.

१९६५ साली पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिती मजकूर ऐकवणारी 'ॲस्टर' ही प्रणाली त्यांच्या १९९४ च्या प्रबंधाचा विषय होती.

तेव्हाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. डॉसच्या पडद्यावर मुख्यतः अक्षरेच असत. ती उचलून बोलून दाखविणे तुलनेने सोपे होते. दृष्टिहीन प्रोग्रॅमर टेड हेंटर यांच्या कंपनीने 'जॉज' हा पडदावाचक १९८९ मध्ये आणला तो डॉससाठीच. विंडोजचा प्रसार झाला तशी अक्षरांची चित्रे झाली, आणि अंध प्रोग्रॅमरांच्या हातचे काम निसटू लागले.

१९९५ मध्ये रामन यांनी 'ईमॅक्सस्पीक' प्रसिद्ध केले. पडद्यावर काय उमटले एवढेच पडदावाचकाला कळते. ईमॅक्स या संपादकाला मात्र समोरचा मजकूर टीप आहे, अवतरण आहे की भाषेतील राखीव शब्द, हे ठाऊक असते. रामन यांनी त्याच्या आज्ञांनाच वाणी जोडली. पुढच्या ओळीवर गेले की ती ऐकू येते. टिपेचा आवाज निराळा, राखीव शब्दाचा निराळा. डोळस माणसाला रंग जे सांगतात, ते येथे आवाजातील फरक सांगतो.

लढाई येथे संपली नाही. पायथन या भाषेत ओळ किती आत सरकली आहे यावर अर्थ ठरतो. म्हणजे कोरी जागाही वाचावी लागते. २००६ साली सुरू झालेल्या 'एनव्हीडीए' या मोफत पडदावाचकात पुढे ही जागा सुरांनी ऐकविण्याची सोय झाली. उलट, रंगीत ठोकळे ओढून प्रोग्रॅम जुळविण्याची साधने शाळांत आली, तेव्हा अंध मुलांपुढे जुनीच भिंत नव्याने उभी राहिली.

मांडणी हाही अर्थच असतो, हे आपण कवितेच्या तासाला शिकवितो. परंतु त्या वर्गात एखादा अंध विद्यार्थी बसलेला असेल, तर तुटलेली ओळ आणि तिच्यामागची कोरी जागा त्याच्यापर्यंत कशी पोहोचवावी, याचा विचार आपण कितीदा केला आहे?