लॉगमधले एन

ऑगस्ट २००१. उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या माडीवर आमचा जुना लिनक्स संगणक डायलअपवर असायचा, त्यावर अपाचे हा वेब सर्व्हर. एका दुपारी लॉग उघडला तर भलत्याच पत्त्यांवरून एकच मागणी : डिफॉल्ट.आयडीए, प्रश्नचिन्ह, आणि पुढं दोनशेच्या वर ‘एन’. नंतर एनच्या जागी ‘एक्स’ यायला लागले. ‘‘कुणाचं बटण अडकलंय काय रं?’’ मित्र म्हणाला.

तो कोड रेड नावाचा, यंत्रातून यंत्रात पसरणारा किडा होता. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरला एवढी लांब ओळ पचत नसे. बाहेर सांडलेला भाग तो हुकूम समजून पाळायचा. १९ जुलैला चौदा तासांत साडेतीन लाखांवर यंत्रं पडली होती. अपाचेनं मात्र फाइल नाही म्हणून ४०४ लिहिलं, संपलं.

ती ओळ लिहायची पद्धतही – पत्ता, तारीख, +०५३०, मागणी, आकडा – अपाचेची स्वतःची नव्हे, वडिलोपार्जित. इलिनॉयच्या एनसीएसए केंद्रात १९९३ ला रॉब मॅककूलनं लिहिलेल्या सर्व्हरची. १९९४ ला तो केंद्र सोडून गेला, सर्व्हर पोरका झाला. जो तो आपापली ठिगळं लावत होता. १९९५ ला आठ जणांनी ती एकत्र शिवली, तोच अपाचे. एप्रिल १९९६ ला नेटक्राफ्टच्या वेब सर्व्हरांच्या मोजणीत अपाचे पहिला. कुळाचं नाव ‘एचटीटीपीडी’ अजून लावतो.

गाजलेल्यावरच हल्ले होतात म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. २००१ ला निम्म्याहून जास्त साइट अपाचेवर, आयआयएसवर साधारण पाव. पण विंडोज २००० सर्व्हर टाकला की आयआयएस न विचारता चालू व्हायचा. वारणानगरला १९९८ पासून सत्तर गावं संगणकानं जोडायचं काम चाललेलं. आमच्या गल्लीत मात्र संगणक म्हणजे दुकानदारानं चालू करून दिलेलं खोकं. आत सर्व्हर आहे हेच ठाऊक नाही, तर जूनमध्येच आलेली दुरुस्ती कोण टाकणार? २००३ च्या विंडोजपासून आयआयएस बंद ठेवून यायला लागला.

अपाचेही काही सोवळा नव्हे. २००४ ला आलेल्या इगोर सिसोयेव्हच्या एनजिनएक्सनं त्याला २०१९ ला मागं टाकलं. ऑक्टोबर २०२१ ला तर अपाचेच्या ताज्या २.४.४९ मध्येच भोक निघालं : टिंबाऐवजी ‘टक्का, दोन, ई’ लिहिलं की तो नको त्या फोल्डरात शिरू द्यायचा. आमचा सर्व्हर आळसानं २.४.६ वरच राहिलेला. त्या आठवड्यात लॉगमध्ये ‘टक्का, दोन, ई’च्या रांगा लागल्या, आणि आम्ही निवांत चहा पीत बघत बसलो.